पाण्यातला डोंगर

नवीन पनवेलहून गाढेश्वरकडे गेले की देहरंग धरणाच्या जलाशयात माथेरानच्या डोंगररांगेचे प्रतिबिंब दिसते. छायाचित्रकाराला येथे प्रथम वेळ निवडावी लागते. डोंगर पूर्वेला असल्याने सकाळी पाणी निवांत, पण कडे सावलीत. दुपारनंतर कडे उजळतात, तर वाऱ्याने पाणी थरथरते. उजळलेले कडे हवेत की अखंड प्रतिबिंब, हे आधी ठरवावे.

खरी कसोटी छायाचित्राच्या कडा कापताना लागते. पुष्कळ जण काठाची रेषा आडवी करू पाहतात. परंतु वळणदार काठ तिरपा दिसणे स्वाभाविक आहे. काठावरील झाडाचा शेंडा आणि त्याचे पाण्यातील टोक एका उभ्या रेषेत आले, म्हणजे चित्र सरळ झाले. काठ चित्राच्या मध्यावर नसावा, हा संकेत येथे मोडला तरी चालतो. डोंगर व प्रतिबिंब यांचा समतोल त्यातूनच साधतो. मात्र खालची बाजू कापताना उलटा माथा तुटू देऊ नये; त्याच्याखाली थोडे मोकळे पाणी राहावे. मूळ प्रत जपलेली नसेल, तर घाईने कापलेला तो माथा पुन्हा मिळत नाही.