नकाशा पाठवताय? खाली चार ओळी लिहा!

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यात आपल्या फोनवर नकाशे येऊ लागतात. लाल रंगात बंद रस्ते, बाणांनी दाखवलेला दुसरा मार्ग. तुम्ही एक नजर टाकता आणि घरच्यांना बजावता, "आज भिडे पुलावरून येऊ नका." तोच नकाशा तुमच्या सोसायटीतल्या अंध शेजाऱ्यांनाही येतो. त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो, पण इथे तो फक्त म्हणतो, "इमेज." पुढे काही नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, नकाशा नुसता पुढे ढकलू नका. खाली लिहा. "भिडे पूल पाण्याखाली. डेक्कनवरून नारायण पेठेत जायचं असेल तर लकडी पुलाने जा." एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यावर कुणीतरी सुखरूप घरी पोचतं.

२५ जुलै २०२४ आठवा. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा डोळस माणसांचीही धांदल उडाली. अशा वेळी कडेवर मूल असलेल्या अंध आईने कोणत्या गल्लीतून बाहेर पडायचं? नदीची निळी आणि लाल पूररेषाही आपण रंगानेच सांगतो. आपलं घर रेषेच्या आत की बाहेर, हे तिने कुणाला विचारायचं? दरवेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं?

तुमची सोसायटी नदीकाठी असेल तर या आठवड्यातच हे काम घ्या. पूररेषेच्या आत कोणत्या इमारती येतात, त्यांची नावं लिहून काढा. उंचावर जायचा रस्ता शब्दांत मांडा. "फाटकातून बाहेर, डाव्या हाताला वळा, दुसऱ्या चौकात उजवीकडे." 'इथून' आणि 'तिथून' टाळा, 'लाल रेघेच्या पलीकडे' तर नकोच. कोपऱ्यावर कायम असतं तेच सांगा: देऊळ, पिठाची गिरणी, बस थांबा. मग तो मजकूर मोठ्याने वाचा, आणि ऐकणाऱ्याला डोळे मिटायला सांगा. कुठे अडतं ते लगेच कळेल.

पूर वर्षातून एखाद-दोनदा येतो. रस्ता मात्र रोज बदलतो. मेट्रोचं काम, खोदकाम, गणपतीतले मांडव. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्ते बंद होतात, तेव्हा पांढऱ्या काठीने पाठ केलेली वाट एका रात्रीत मोडते. कोथरूड आणि कोरेगाव पार्कच्या अंधशाळांतून शिकून किती मुलं-मुली या शहरात नोकरीला लागली! त्यांच्याही घरी रात्री कुणीतरी ताट वाढून वाट बघत असतं.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, मांडवाचा नकाशा काढाल तेव्हा त्याचं वर्णनही द्या. शिक्षकांनो, अंध मुलांना बोटांनी वाचता येईल असा नकाशा बनवा: पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून रस्ते करा, लोकरीने नदी दाखवा, शाळेच्या जागी बटण लावा. थोडंच दाखवा, कारण बोटं एका वेळी एवढासाच भाग वाचतात. गर्दी केली की त्यांना काहीच कळत नाही. संगणक येणाऱ्या मुलांनो, ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा नकाशा कुणालाही भरता येतो. तुमच्या भागातले पदपथ, पायऱ्या, आवाज देणारे सिग्नल त्यात नोंदवा.

आणि महापालिकेकडे मागा. माहिती अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात मिळाली पाहिजे, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. प्रभागांची हद्द असो वा वाहतुकीतला बदल, प्रत्येक नकाशासोबत वाचता येणारा मजकूर द्या, असं पत्र तुमच्या सोसायटीच्या शिक्क्यानिशी पाठवा. अंध शेजाऱ्यांना विचारून लिहा. काय हवं ते त्यांनाच नेमकं ठाऊक आहे.

आत्ता फोन उघडा. ग्रुपवर शेवटचा आलेला नकाशा शोधा. त्याखाली चार ओळी लिहा आणि पाठवा.