पत्त्याचा पुरावा

आमच्या गोरेगावच्या सोसायटीतला रखवालदार रात्रपाळीत मोबाइलवर सिनेमे पाहतो. आणि जर्मनीत शिकणारी माझी मुलगी आईशी बोलताना कॅमेरा बंद ठेवत होती, डेटा संपतो म्हणून! २०२३ च्या हिवाळ्यात सहा आठवडे असे गेले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, तेव्हा ते आमच्या ऐपतीबाहेर होते. आज परदेशी गेलेल्या पोरांना गोरेगावचे दर आठवतात.

तिथे इंटरनेट नाही असे नव्हे. पण स्वस्त जोडणी हवी तर बहुधा चोवीस महिन्यांचा करार, पैसे वळते करायला बँक खाते आणि नोंदवलेला पत्ता. हिची खोली सहा महिन्यांच्या भाड्याची! उरले प्रीपेड कार्ड, तेही मोजूनमापून.

मला राग आला. मग आठवले, बँकेत असताना मी तरी दुसरे काय केले? गावाहून आलेला पोरगा, विजेचे बिल खोलीमालकाच्या नावावर. ‘पत्त्याचा पुरावा आणा,’ एवढेच मी म्हणे. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने स्थानिक पत्त्याच्या पुराव्याची अट सैल केली, तेव्हा मला ती ढिलाई वाटली होती. आता वाटत नाही. नवख्याकडून महिन्याचे पैसे आगाऊ घ्या, हवी तर अनामत घ्या. पण त्याला दोन वर्षे बांधून कशाला घालता?

शेवटी शेजारच्या खोलीतल्या केरळच्या मुलीने आपल्या जोडणीत हिला निम्मा वाटा दिला. त्या रविवारी लेकीचा चेहरा दिसला, आणि आमची ही म्हणाली, ‘‘किती वाळलीस गं!’’