व्यसनमुक्तास सोबत हवी

आपल्या जिल्ह्यांतील राळेगण सिद्धी येथें १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें दारूच्या भट्ट्या बंद झाल्या; न ऐकणाऱ्या मद्यप्यांस खांबास बांधून मारही देण्यांत आला. भट्ट्या गेल्या हें उत्तमच. परंतु माराच्या भयानें सुटलेलें व्यसन एकांतांत मनुष्यास पुन्हा गांठतें, असें आम्हांस वाटतें.

१९३५ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅक्रन शहरीं बिल विल्सन नामक गृहस्थास, दारू सोडून पांच महिने झाले असतां, पुन्हा अनावर इच्छा झाली. मद्यालयाकडे न वळतां तो दुसऱ्या एखाद्या मद्यप्याचाच शोध करूं लागला! भेटला तो एक शस्त्रवैद्य. दोघांनीं परस्परांस सांवरलें, व त्यांतूनच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना उदयास आली. पुण्यास १९८६ सालीं स्थापन झालेल्या मुक्तांगणांत तर पत्नींसाठींही 'सहचरी' गट चालतो.

तेथून परतलेला मनुष्य आपल्या गांवीं मात्र बहुधा एकटाच असतो. पालकहो, अशांच्या बैठकीस सायंकाळीं शाळेची एखादी खोली देण्यास काय हरकत आहे?