तुमचे पोते गुंतवणूक, आमचे पाच किलो फुकट?

भाव चढले की मोबाईलवर ठरलेले विनोद फिरू लागतात. "सोनं कशाला, तूरडाळ घ्या, परतावा जास्त आहे." "टोमॅटोची एसआयपी सुरू केली, मुलीच्या लग्नापर्यंत भागेल." "कांद्याचं पोतं लॉकरमध्ये ठेवून आलो." 2015 च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली तेव्हा हे विनोद आले. 2019 च्या डिसेंबरमध्ये कांद्याने शंभरी ओलांडली तेव्हा आले. 2023 च्या जुलैमध्ये अनेक शहरांत टोमॅटो दीडशे-दोनशे रुपयांना विकला गेला तेव्हाही तेच विनोद फक्त भाजीचे नाव बदलून आले. पुढच्या महागाईतही येतील.

विनोद करू नका, असे आमचे म्हणणे नाही. ज्या चळवळीने जलशातून सावकाराची आणि भटजीची टर उडवत गावेच्या गावे जागी केली, तिला हसण्याचे वावडे असूच शकत नाही. प्रश्न एवढाच आहे की किराणा भरून ठेवणे ही 'गुंतवणूक' कोणासाठी आहे? आणि हा विनोद करणारे लोक दुसऱ्याच्या घरात धान्य दिसले की काय बोलतात?

आधी हे मान्य करू की या विनोदात थोडे सत्य आहे. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरायची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. पीक बाजारात येते तेव्हा भाव उतरलेले असतात. तेव्हा गहू-तांदूळ घ्यायचा, ऊन दाखवायचे, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचा, डाळीला एरंडेल चोळून ठेवायचे. पुढे पावसाळ्यात, दिवाळीत भाव चढले तरी घराला झळ लागत नाही. घरातल्या बायांनी पिढ्यान् पिढ्या हा हिशोब केला आहे. पण या हिशोबाला तीन गोष्टी लागतात. एकरकमी पैसा, कोरडी जागा आणि वर्षभर त्याच घरात राहता येईल याची खात्री. ज्याच्याकडे या तीन गोष्टी आहेत तो साठा करतो. ज्याच्याकडे नाहीत तो रोज विकत आणतो.

एक साधा हिशोब मांडून पाहू. समजा एका कुटुंबाला महिन्याला तीन किलो डाळ लागते, म्हणजे वर्षाला 36 किलो. हंगामात 120 रुपये भावाने एकदम घेतली तर 4,320 रुपये झाले. दुसरे कुटुंब वस्तीतल्या दुकानातून पावकिलोच्या पुडीने घेते. पुडीचा भाव किलोला वीस रुपये तरी जास्त धरा. पहिले सहा महिने 140 ने घेतली, नंतर बाजार चाळीस रुपयांनी चढला म्हणून उरलेले सहा महिने 180 ने घेतली. एकूण 5,760 रुपये. तीच डाळ, तेवढीच डाळ, आणि 1,440 रुपयांचा फरक! ज्याच्याकडे कमी आहे त्यानेच जास्त मोजायचे, हा या बाजाराचा नियम आहे. डेव्हिड कॅप्लोविट्झ या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांचा अभ्यास करून 1963 मध्ये पुस्तक लिहिले. त्याचे नावच 'द पुअर पे मोअर' आहे. गरीब जास्त मोजतात. आपल्या वस्तीतल्या कोणत्याही ताईला हे समजायला पुस्तकाची गरज नाही.

आणि वरचा हिशोबही अर्धाच खरा आहे. कारण भाव चढल्यावर दुसरे कुटुंब तीन किलो डाळ घेतच नाही. ते दोन किलो घेते, मग दीड. वरणात पाणी वाढते. आधी पुरुषांचे आणि मुलांचे ताट वाढले जाते, बाई मिरचीच्या ठेच्याबरोबर भाकरी खाऊन उठते. वस्तीत काम करताना आम्ही महागाई मोजतो ती अशी. बाईच्या ताटात डाळ उरली का, एवढेच विचारायचे.

सरकारी आकडेही हेच सांगतात. 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात खर्चाचा सुमारे 46 टक्के आणि शहरात सुमारे 39 टक्के वाटा खाण्यापिण्यावर जातो. ही झाली सरासरी. उत्पन्न जितके कमी तितका अन्नावरचा वाटा जास्त, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन सांख्यिकीतज्ज्ञाने 1857 मध्येच दाखवले होते. याच पाहणीत ग्रामीण भागातल्या सर्वांत खालच्या पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च 1,373 रुपये निघाला. अन्न, कपडे, औषध, गाडीभाडे, सगळे त्यात आले. या माणसाला डाळीत गुंतवणूक करायला सांगणे हा विनोद होत नाही.

आता साठेबाजीकडे वळू. कोणी म्हणेल, लोकच घाबरून साठा करतात म्हणून भाव वाढतात. घाबरून केलेल्या खरेदीचा त्रास होतो, हे खरे. 24 मार्च 2020 ला रात्री 8 वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि त्याच रात्री किराणा दुकानांसमोर रांगा लागल्या. ज्यांच्या हातात पैसे होते त्यांनी पोती उचलली. हातावर पोट असणाऱ्याला उरलेले मिळाले. पण बाजाराचा भाव चार-पाच किलो जादा डाळ घेणाऱ्या गृहिणीमुळे ठरत नाही. तूर आणि उडदाचे भाव वाढले म्हणून केंद्र सरकारने जून 2023 मध्ये साठ्यावर मर्यादा घातली. किरकोळ दुकानदाराला प्रत्येक डाळीचे 5 टन, घाऊक व्यापाऱ्याला 200 टन. 200 टन म्हणजे दोन लाख किलो. किलोमागे फक्त दहा रुपये वाढले तरी एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात वीस लाख रुपये आपोआप वाढतात. आणि ही झाली कायद्यात बसणारी मर्यादा! खरी गुंतवणूक इथे आहे. लॉकरमधल्या कांद्यावर हसताना या गोदामाकडे कोणी बोट दाखवत नाही.

साठ्यावर मर्यादा घालण्याचा हा अधिकार 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातून येतो. 2020 च्या तीन कृषी कायद्यांपैकी एकाने याच कायद्यात दुरुस्ती केली होती. धान्य-डाळीसारख्या न नासणाऱ्या मालाचे किरकोळ भाव पन्नास टक्के आणि कांदा-बटाट्यासारख्या मालाचे शंभर टक्के वाढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालता येणार नाही, अशी ती तरतूद होती. म्हणजे शंभरची डाळ दीडशे होईपर्यंत सरकारने हात बांधून बसायचे. शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या आंदोलनानंतर 2021 मध्ये ही दुरुस्तीही रद्द झाली. ते आंदोलन फक्त शेतकऱ्यांचे होते असे समजणाऱ्या आपल्या बांधवांनी हे लक्षात ठेवावे. आपल्या ताटातली डाळही तिथे पणाला लागली होती.

मग महागाईचा पैसा निदान शेतकऱ्याला मिळतो का? 2015 चा भाव बघून शेतकऱ्यांनी तूर पेरली. 2016-17 ला भरघोस पीक आले. हमीभाव बोनससह 5,050 रुपये क्विंटल होता, बाजारात त्याहून खूप कमी मिळाला. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून शेतकरी दिवसेंदिवस रांगेत उभे होते. ज्याला कर्ज फेडायचे आहे तो तूर साठवू शकत नाही. तो हंगामात स्वस्त विकतो आणि नंतर महाग डाळ विकत घेतो. भूमिहीन शेतमजूर, ज्यात आपला समाज मोठ्या संख्येने आहे, त्याच्याकडे तर विकायला फक्त दिवस असतो.

बाबासाहेबांनी ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी मांडली आहे. 1923 मध्ये प्रसिद्ध झालेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ केवळ चलनाच्या तांत्रिक चर्चेचा नाही. रुपयाची किंमत घसरली की व्यापाराला फायदा होतो, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की हा फायदा येतो कुठून? किमती ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून एका वर्गाचा नफा हा दुसऱ्या वर्गाच्या खिशातून गेलेला असतो. हिल्टन यंग आयोगापुढच्या साक्षीतही त्यांनी किमतींच्या स्थैर्याचाच आग्रह धरला. महागाई सगळ्यांनाच सारखी लागते, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे.

तथागतांच्या उपदेशातही साठ्याची गोष्ट आहे. दीघनिकायातल्या अग्गञ्ञ सुत्तात जन्माने ब्राह्मण असलेल्या वासेट्ठ आणि भारद्वाज यांना भगवान सांगतात की प्रारंभी माणसे भूक लागेल तेव्हा शेतातून तांदूळ आणून खात. एका आळशाने सकाळचा आणि संध्याकाळचा तांदूळ एकदमच आणला. ते पाहून दुसऱ्याने दोन दिवसांचा, तिसऱ्याने चार दिवसांचा, आणखी कोणी आठ दिवसांचा आणला. तांदळाला कोंडा आला, कापलेल्या जागी पुन्हा पीक उगवेना, शेतांना बांध पडले, चोरी आली, दंड आला आणि शेवटी राजा निवडावा लागला. वर्ण ब्रह्मदेवाच्या मुखातून निघाले या थापेला दिलेले हे उत्तर आहे. समाजातली विषमता देवाने केली नाही. ती साठ्यातून आणि मालकीतून माणसांनीच उभी केली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ज्या ग्रुपवर तूरडाळीच्या गुंतवणुकीचा विनोद येतो, त्याच ग्रुपवर दोन दिवसांनी दुसरा मजकूर येतो. "फुकट धान्य देऊन लोकांना आळशी केलं." "मजूर मिळत नाही, कारण रेशन फुकट आहे." स्वतःच्या कोठीतले पोते ही दूरदृष्टी आणि दुसऱ्याच्या पिशवीतले पाच किलो ही फुकटेगिरी! अन्नसुरक्षा कायदा 2013 चा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला पाच किलो महिनाभर पुरत नाही, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. त्यात डाळ नाही, तेल नाही. कायदा लागू करताना महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वर्षाला 59,000 रुपये आणि गावात 44,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. 59,000 म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. शहरात चार घरची धुणीभांडी करणारी बाई एवढ्या कमाईतही या मर्यादेबाहेर जाऊ शकते. वर लाभार्थ्यांचा कोटा 2011 च्या जनगणनेवर बांधलेला. त्यानंतर जन्मलेली मुले शाळेत गेली, कोटा तिथेच राहिला.

आम्ही दान मागत नाही. 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी तुरुंग भरले. तेव्हाच्या मागण्या नीट वाचा. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीबरोबर धान्याचे पुरेसे वाटप करा, वाढत्या किमतींना आळा घाला आणि किमान वेतन कायदा अमलात आणा, याही मागण्या तिथे आहेत. 1972 नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. महागाईवर तेव्हा मोर्चा निघत होता. आज विनोद पुढे ढकलला जातो. हसून झाले की राग शमतो, हेच साठेबाजाला हवे असते.

म्हणून मागण्या पुन्हा बोलून दाखवू. रेशनवर डाळ आणि तेल बारा महिने मिळाले पाहिजे. दिवाळी 2022 पासून सणाला शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला गेला, पण पोट सणापुरते नसते. तामिळनाडू 2007 पासून सवलतीत तूरडाळ आणि पामतेल देते, तर महाराष्ट्राला काय अडचण आहे? उत्पन्नाची मर्यादा आणि लाभार्थ्यांचा कोटा आजच्या परिस्थितीवर ठरवा. साठा मर्यादा लावल्यावर कोणत्या गोदामात किती माल निघाला, हे लोकांसमोर ठेवा. किमान वेतन महागाईच्या वेगाने वाढवा आणि घरकामगार बायांनाही ते द्या.

सरकार ऐकेपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. तूर बाजारात येते तेव्हा एका बाईला पोते परवडत नाही, पण दहा जणींच्या बचत गटाला परवडते. वस्तीतल्या खोलीत जागा नसेल, पण विहारात कोरडी खोली असते. हंगामात एकत्र खरेदी करायची, हिशोबाची वही सगळ्यांसमोर ठेवायची आणि ज्या भावाने घेतली त्याच भावाने वर्षभर किलो-किलोने घरोघरी द्यायची. वंदनेला आपण विहारात जमतोच. येत्या हंगामाआधी या विषयावर एकदा जमू या.

जय भीम!