पितळी बिल्ला

जुनी ट्रंक आवरताना पुण्यातील एका आजोबांच्या हाती एक पितळी बिल्ला लागला. त्यावर महानगरपालिकेचे नाव, एक क्रमांक आणि १९६४ हे साल होते. शेजारी बसलेल्या बारा वर्षांच्या नातवाने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, “आजोबा, हे पदक तुम्हाला कशाबद्दल मिळाले?”

आजोबांना हसू आले. ते पदक नव्हते, सायकलीचा कर भरल्याची ती खूण होती. त्या काळी सायकलीला कर असे आणि कर भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला, दोघे जण एका सायकलीवर बसले किंवा बिल्ला नसला, तर चौकातला शिपाई सायकल अडवी. कधी दंड होई, तर कधी चाकातली हवा सोडून शाळकरी मुलाला सायकल हाती धरून घरी पाठवले जाई. नातवाला या साऱ्याचे मोठे नवल वाटले. मग त्याने विचारले, “म्हणजे तुम्ही शाळेत एकटे सायकलने जात होता? मग मी का नाही जाऊ शकत?”

त्या प्रश्नाला आजोबांपाशी तयार उत्तर नव्हते.

त्यांचे बालपण भवानी पेठेत गेले. वडिलांचे भुसारी मालाचे दुकान होते आणि शाळा टिळक रस्त्यावर होती. लक्ष्मी रस्त्याने सरळ जायचे, बाजीराव रस्त्याला डावीकडे वळायचे, की जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत शाळा येई. पुण्याला तेव्हा सायकलींचे शहर म्हणत आणि ते वर्णन अक्षरशः खरे होते. कारकून, प्राध्यापक, पोस्टमन, दूधवाला, छापखान्यातला कामगार आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, सारे सायकलीवरच असत. घरात सायकल नसली तर तासाच्या भाड्याने मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. लहान मुले मधल्या दांडीखालून पाय घालून मोठ्यांची सायकल शिकत, गुडघे फोडून घेत आणि घरी येऊन ते लपवत.

सायकलीला आवाज नसतो आणि तिचा वेग माणसाच्या धावण्याहून थोडाच अधिक असतो. त्यामुळे रस्त्यावरून जाणारा माणूस कोण आहे हे ओळखू येई. दुकानाच्या पायरीवर बसलेला शेजारी हाक मारी, “अरे, आज शाळेला उशीर झाला का?” संध्याकाळी दिवेलागणीनंतर कोणाचा मुलगा कोठे दिसला, ही बातमी मुलाच्या आधी घरी पोहोचे. मुलांना त्या पहाऱ्याचा राग येई; पण आईवडिलांचा जीव त्या पहाऱ्यावरच निर्धास्त असे. रस्ता हा घराच्या ओट्याचाच लांबवर गेलेला भाग होता.

त्या काळाचे गोडवेच गावेत असे मात्र नाही. सायकल अनेकांनी हौसेने नव्हे, तर खिशाला दुसरे काही परवडत नव्हते म्हणून चालवली. धो धो पावसात, अंगाला चिकटलेल्या कपड्यांनिशी, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत दहा-दहा किलोमीटर कामावर जाणाऱ्यांना त्या प्रवासात काव्य दिसत नव्हते. मागच्या कॅरिअरवर पोती लादून चढ चढणाऱ्याची छाती भरून येई. घरातल्या मुलीला शाळेपुरती सायकल मिळाली, तरी सुनेला ती क्वचितच मिळे. म्हणून १९७२ साली लूना आली आणि पुढे स्कूटर आवाक्यात आली, तेव्हा त्या पिढीने सुटकेचा श्वास टाकला, यात गैर काही नव्हते. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ती दारात आली की तिला हार घातला जाई, पेढे वाटले जात. म्हातारी आई मागे बसून दवाखान्यात जाऊ लागली, दुकानाचा फेरा अर्ध्या वेळात होऊ लागला. ही जमेची बाजू खरीच होती.

खर्चाची बाजू मात्र कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही. ती हळूहळू आणि सर्वांच्या नावावर थोडी थोडी चढत गेली. पंधरा किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे चार मीटर अंतर कापते. चाळीसच्या वेगातली स्कूटर अकरा मीटर. समोर अचानक मूल आले तर ब्रेकवर हात जाईपर्यंतच हे अंतर संपलेले असते. धडकेचा जोर तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग आणि वजन दोन्ही हिशेबात घेतले, तर स्कूटरच्या धडकेत सायकलीच्या सुमारे पंधरा पट ऊर्जा असते. पूर्वी जिथे गुडघा फुटत असे, तिथे आता जीव जाऊ शकतो. २०२२ या एका वर्षात देशभरातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे होते. त्यांच्या हातात ना वेग होता, ना कोणते वाहन.

पुण्यापुरते बोलायचे, तर २०१८ साली शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने शहराच्या लोकसंख्येलाही मागे टाकले, अशी नोंद झाली. सायकली संपल्या नाहीत, पण त्यांची दोन घराणी झाली. एक हौसेची: रविवारी पहाटे शिरस्त्राण घालून सिंहगडाकडे निघणारी, किमतीने जुन्या स्कूटरलाही मागे टाकणारी. दुसरी गरजेची: वर्तमानपत्र टाकणाऱ्याची, पहारेकऱ्याची, बांधकामावरच्या मजुराची. पहिलीला कौतुक मिळते, दुसरीला भोंगा. मधली सायकल, म्हणजे शाळकरी मुलाची, गृहिणीची, कारकुनाची रोजची सायकल, रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली.

रात्री जेवताना नातवाचा प्रश्न पुन्हा निघाला. शाळा बिबवेवाडीतल्या घरापासून दोन किलोमीटरवर, म्हणजे आजोबांच्या शाळेहून जवळ होती. तरीही मुलगा व्हॅनने जात असे आणि व्हॅन चुकली की वडील मोटारीने सोडत.

“बाबा, तुमच्या वेळचे रस्ते वेगळे होते,” मुलाच्या वडिलांनी शांतपणे सांगितले. “मी त्याला एकटा सोडणार नाही. मला रस्त्यावरच्या लोकांचा भरवसा नाही.”

ही काळजी रास्त होती आणि आजोबांनी तिची टर उडवली नाही. ते एवढेच म्हणाले, “उद्या तू आमच्याबरोबर चालत ये. एकदा वाट नीट पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे पायी निघाले. आजोबांच्या हातात छोटी वही होती. पदपथ कोठे तुटला आहे, कोठे त्यावर दुचाकी लावल्या आहेत, कोणत्या वळणावर समोरचे दिसत नाही, हे ते टिपत गेले. मोठा रस्ता ओलांडण्यासाठी तिघांना बराच वेळ ताटकळावे लागले. शेजारीच एक वृद्ध बाई, मंदिरात नेण्याची तांदळाची डबी पदराआड धरून, दोनदा पुढे होऊन दोनदा मागे फिरल्या. तिसऱ्या वेळी नातवाने त्यांचा हात धरला. शाळेच्या दारापाशी तर खरी कसोटी होती. तेथे मुलांना सोडायला आलेल्या मोटारी आणि स्कूटर यांची अशी दाटी झाली होती, की चालत येणाऱ्या चार-दोन मुलांना आत शिरायला वाट नव्हती. एक स्कूटर उलट्या दिशेने झपकन आली आणि नातवाच्या दप्तराला घासून गेली. चालवणारेही कोणाचे तरी वडीलच होते; पुढे त्यांची लहान मुलगी उभी होती.

मुलाचे वडील रागाने काही बोलणार होते, पण थांबले. परतताना बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “बाबा, उशीर झाला की मीही इथून असाच येतो.”

आजोबांनी त्यावर उपदेश केला नाही. वहीतल्या यादीच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: आपली गाडी.

या एका ओळीत आजच्या रस्त्याचे सारे दुखणे आले आहे. प्रत्येक घराला रस्त्याची भीती वाटते म्हणून प्रत्येक घर मुलाला गाडीत बसवते. आणि त्या गाड्यांमुळेच रस्ता अधिक भीतिदायक होतो. जो तो आपल्या मुलाला दुसऱ्यांपासून वाचवत असतो आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या मुलासाठी तो स्वतःच तो ‘दुसरा’ असतो. आजोबांच्या पिढीला मिळालेला मोकळा रस्ता हे काही त्या पिढीच्या सद्गुणांचे फळ नव्हते, कारण वाहने घेण्याची ऐपत तेव्हा नव्हती. आज ऐपत आहे. संयम ठेवायचा तर आता तो जाणीवपूर्वक ठेवावा लागेल.

असा संयम एखाद्या समाजाला जमू शकतो, याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. आज सायकलींसाठी प्रसिद्ध असलेला हा देश दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींकडे झपाट्याने वळला होता. १९७१ साली तेथे सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि मुलांचे हे बळी थांबवा अशी मागणी त्यांनी केली. १९७३ च्या तेलटंचाईने त्या मागणीला बळ दिले. रस्ते पुन्हा आखले गेले, वस्त्यांतला वेग उतरवला गेला, सायकलींना स्वतंत्र वाटा मिळाल्या. ते शहाणपण त्यांना जन्मजात नव्हते. मुले गमावल्यावर आले.

पुण्यातही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. महापालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या सायकली नव्या रूपात रस्त्यावर आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. २०२१ मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून तेथे पादचारी दिन साजरा झाला. एरवी अंग चोरून चालावे लागते त्या रस्त्याच्या मधोमध मुले खेळली, वृद्ध निवांत बसले. एका दिवसाचा का होईना, रस्ता माणसांना परत मिळू शकतो हे लोकांनी पाहिले. परंतु आराखडे यशस्वी होण्यासाठी घराघरांतली सवयही बदलावी लागते. ती महापालिकेच्या सभेत मंजूर होत नाही.

त्या घरात तिघांनी मिळून एक छोटा निर्णय घेतला. शाळेची सायकल तूर्त नाही. मोठा रस्ता खरोखरच धोक्याचा आहे आणि मुलाच्या जिवावर प्रयोग करायचा नसतो. पण संध्याकाळचा गणिताचा वर्ग आतल्या गल्ल्यांतून आठशे मीटरवर आहे. तेथे नातवाने सायकलने जावे, पहिला महिना आजोबांनी सोबत चालवावी. एक किलोमीटरच्या आतल्या कामासाठी घरातली कोणतीही गाडी बाहेर काढायची नाही. आणि वडिलांनी गल्लीत वीसच्या वर वेग न्यायचा नाही, उलट्या दिशेने तर मुळीच जायचे नाही.

महिना संपला त्या संध्याकाळी आजोबा फाटकापाशीच थांबले. नातू एकटा निघाला. वाटेतल्या किराणा दुकानदाराला, इस्त्रीवाल्याला आणि कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याला महिनाभरात तो ओळखीचा झाला होता. वळणावर पहारेकऱ्याने हात वर करून एक स्कूटर थांबवली आणि मुलाला पुढे जाऊ दिले. ते दुरून पाहून आजोबांना भवानी पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्या आठवल्या.

नातवाच्या सायकलीला पुढच्या बाजूस तो पितळी बिल्ला तारेने बांधलेला आहे. आज त्या बिल्ल्याला कायद्याने काही किंमत नाही. पण घरी परतताना तो वाजतो आणि आई स्वयंपाकघरातूनच ओळखते, की मुलगा आला.