मोटारीचे दिवे

हल्लीं कित्येक हौशी मोटारवाले पुढील दिव्यांतील हॅलोजन बल्ब काढून घरच्या घरीं प्रखर एलईडी बसवितात. स्वहस्तें काम करण्याची त्यांची आवड स्तुत्यच होय. परंतु तिचा हा उपयोग आम्हांस अनुचित वाटतो. दिव्याचा परावर्तक विवक्षित जागीं असलेल्या तंतूसाठींच घडविलेला असतो. एच-४ बल्बांत ५५ वॅटच्या तंतूखालीं धातूची इवलीशी पन्हळ असते. तिच्यामुळें परावर्तकाच्या खालच्या भागावर प्रकाश पडत नाहीं व झोत वर उसळत नाहीं. ही योजना मोडली, कीं समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचे डोळे दिपतात. ज्यास उजेडच वाढवावयाचा आहे, त्यानें उन्हानें पिवळें पडलेलें दिव्याचें आच्छादन घासून त्यास संरक्षक लेप द्यावा, व भिंतीवर झोत पाडून त्याची उंची तपासावी. आपणांस रस्ता दिसेल, आणि समोरच्यासही त्याची वाट दिसत राहील.