टिकटिक बंद, खरखर चालू!

गेल्या हिवाळ्यात माझी टूरिंग सायकल नागपूर-वर्धा रोडवरून टेम्पोत बसून घरी आली. शेजारी मी, तोंड पाडून. कारण काय, तर सायकल पडली आणि मागचं डिरेल्युअर किंचित वाकलं. मग शिफ्टरचा क्लिक एकीकडे, चेन भलतीकडे! ट्रिप खल्लास.

त्याचं असं आहे, हल्लीच्या गिअरच्या सायकलींना बहुतेक ‘इंडेक्स’ शिफ्टर असतात. एक क्लिक म्हणजे वायर ठरावीकच ओढली जाणार आणि चेन पुढच्या चक्रावर. मस्त! पण वायर सैल झाली किंवा डिरेल्युअर वाकलं, की सगळं गणित फिसकटतं. म्हणून यंदा जुना जमाना ट्राय केला. फ्रिक्शन थंब शिफ्टर! क्लिक नाही, नंबर नाही. अंगठ्याने लिव्हर सरकवायची, सोडाल तिथे ती घर्षणाने थांबते. गिअर बसला की नाही, ते कानाने ओळखायचं. १९८०च्या दशकात इंडेक्स रुळायच्या आधी सगळे असेच गिअर बदलायचे.

टेस्ट रूट : नागपूर ते वर्धा, साधारण ७५ किलोमीटर. बुटीबोरीपर्यंत नुसती खरखर. केळझरला गणपतीच्या टेकडीचा चढ लागल्यावर मला गिअर आठवला. चेन दोन चक्रांच्या मधोमध अडकली आणि मी भर उन्हात खाली! धडा पहिला : गिअर चढाच्या आधी बदला, पेडलवर जोर असताना नाही.

सेलूत चहाला थांबले, तर भिंतीला टेकवलेली सायकल धाडकन आडवी. पुन्हा तेच! समोरच्या दुकानातल्या काकांनी वाकलेला भाग नजरेनेच सरळ केला. ‘‘बराबर सिधं नाई झालं जी ताई, पन वर्ध्यालोक जाईन.’’ आणि गेली की! क्लिकवाला असता तर रुसून बसला असता. इथे लिव्हर केसभर पुढे सरकवली, खरखर बंद. पवनारला धाम नदी येईपर्यंत अंगठा तयार झाला होता.

वर्ध्यात मगन संग्रहालय बघितलं. १९३८मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं ग्रामोद्योगांचं म्युझियम. तिथे चरखे बघताना १९२९ची स्पर्धा आठवली. उत्तम चरख्याला चक्क एक लाखाचं बक्षीस! अटी? किंमत १५० रुपयांच्या आत, खेड्यातल्या घरात चालायला हवा, २० वर्षं टिकायला हवा आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांच्या आत. बॉस, टूरिंगचा पार्ट घेताना याहून भारी चेकलिस्ट कुठली? ‘किती स्मूद चालतो?’ हा प्रश्न शोरूममधला. रस्त्यावरचा प्रश्न एकच : बिघडला तर गावात दुरुस्त होईल का?

मग क्लिक भंगारात टाकायचा? छे! रोज ऑफिसला सिग्नल-टू-सिग्नल जायचं असेल, तर क्लिकच बरा. त्या ट्रॅफिकमध्ये चेनची खरखर ऐकणार कोण? लांब जाणार असाल, तर फ्रिक्शन. ठरत नसेल, तर काही थंब शिफ्टरमध्ये दोन्ही मोड मिळतात. आणि हो, गिअरची एक जादा वायर बॅगेत ठेवाच. गावात ब्रेकची वायर मिळते, पण ती जाड असते आणि तिचं बोंडही वेगळं.

टेम्पोवाल्या दादांचा धंदा मात्र यंदा बुडाला!